एक ऑगस्टला दोन तसबिरी

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला १ ऑगस्टची आठवण करून द्यावी लागत नाही. त्या दिवशी टेबलावर दोन तसबिरी मांडलेल्या असायच्या. एक पगडीतली, लोकमान्य टिळकांची. दुसरी अण्णाभाऊ साठ्यांची. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती. हार दोन, उदबत्तीचं घर एकच, आणि भाषण पाठ करून आलेली निम्मी पोरं शेंगांच्या टरफलांपाशी हमखास अडखळायची.

मला तेव्हा वाटायचं, दोन कार्यक्रम एका दिवसात आटोपावेत म्हणून शाळेनेच ही सोय केली असेल. पुढे कळलं की नुसती तारीखच नाही, सालही एकच आहे. लोकमान्य गेले १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. अण्णाभाऊ जन्मले १ ऑगस्ट १९२० रोजीच, वाटेगावात, म्हणजे तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यात. शिवाय गांधीजींनी असहकाराची चळवळ सुरू करण्यासाठी जो दिवस आधीच ठरवला होता, तोही हाच. त्यांनी आपलं कैसर-ए-हिंद पदक व्हाइसरॉयकडे परत पाठवलं ते याच तारखेला. भर पावसात गिरगाव चौपाटीकडे लोकमान्यांची अंत्ययात्रा निघाली, तिला खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते. एक पर्व संपलं, दुसरं सुरू झालं, आणि लांब वारणेच्या खोऱ्यात एका मांग कुटुंबात तुकाराम नावाचं पोर जन्माला आलं, ज्याने पुढे गिरणगावाच्या रस्त्यांवर डफ वाजवून माणसं उभी केली.

हे एकत्र वाचलं की अंगावर काटा येतो. मग मनात दोन प्रश्न उभे राहतात. इतक्या गोष्टी एकाच दिवशी कशा जुळतात? आणि ‘एकच दिवस’ म्हणजे नेमकं काय? पहिल्याचं उत्तर गणितात आहे आणि ते लवकर सांगून होतं. दुसरं उत्तर फार खोल जातं. आपण दिनविशेष वाचताना त्याचा विचारच करत नाही, म्हणून हा लेख.

आधी गणित. एका वर्गात २३ मुलं आहेत. त्यांतल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती? वर्षाचे दिवस ३६५, मुलं जेमतेम २३, म्हणून आपण म्हणतो, फारच कमी. प्रत्यक्षात ती निम्म्याहून किंचित जास्त आहे, सुमारे ५०.७ टक्के. मुलं ५७ झाली की ९९ टक्के. कारण मोजायची असतात ती मुलं नव्हेत, जोड्या. तेवीस जणांनी एकमेकांना नमस्कार करायचं ठरवलं तर २५३ वेळा नमस्कार होतात, आणि प्रत्येक नमस्कार म्हणजे वाढदिवस जुळण्याची एक संधी. मात्र ‘माझ्याच’ तारखेचा कुणी तरी सापडण्याची शक्यता निम्म्यावर यायला २५३ माणसं भेटावी लागतात. म्हणूनच कुणाशी आपला वाढदिवस जुळला तर आपल्याला नवल वाटतं आणि शाळेच्या हजेरीपटात मात्र अशा जोड्या दर वर्षी निघतात.

हाच हिशेब थोरामोठ्यांना लावून बघा. समजा, दीडशे वर्षांत होऊन गेलेल्या हजार नामवंतांची यादी केली. हजार जन्म, हजार मृत्यू. कुणाचा तरी जन्म आणि कुणाचा तरी मृत्यू अशा जोड्या होतात दहा लाख. दीडशे वर्षांत दिवस सुमारे ५५ हजार. म्हणजे तारीख, महिना आणि साल तिन्ही जुळणाऱ्या अठराएक जोड्या निघायलाच हव्यात. टिळक आणि अण्णाभाऊ ही त्यांतली एक. गणिताला यात काहीच आश्चर्य नाही. पण उरलेल्या सतरा जोड्या आपल्याला माहीतही नसतात आणि ही एक मात्र आपण दर वर्षी हार घालून जपतो, ते आपल्याला ती दोन्ही माणसं लागतात म्हणून. या दोघांना कधी एकमेकांसमोर, कधी शेजारी शेजारी उभं करून महाराष्ट्र शंभर वर्षं स्वतःशी बोलत आला आहे.

सगळ्याच गोष्टी योगायोगाने जुळत नाहीत. काही तारखा मुद्दाम जुळवलेल्या असतात. २६ जानेवारी १९३० ला पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती, म्हणून राज्यघटना अमलात आणायला १९५० सालचा तोच दिवस धरला. माउंटबॅटन यांनी १५ ऑगस्ट निवडला तो जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती म्हणून. आपल्याकडे १ ऑगस्टला महसूल दिनही असतो, कारण तलाठ्याच्या दप्तरातलं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. त्याचा ना टिळकांशी संबंध, ना अण्णाभाऊंशी.

स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिनही १ ऑगस्टच. त्याची गोष्ट मला फार आवडते. तिथल्या डोंगराळ मुलखातल्या लोकांनी १२९१ साली एकमेकांना साथ देण्याचा करार केला. तो करार आजही जपून ठेवलेला आहे. पण त्यावर तारीखच नाही. ‘ऑगस्टच्या सुरुवातीला’ एवढंच लिहिलेलं आहे. सहाशे वर्षांनी, १८९१ मध्ये, मोठा उत्सव करायचा ठरला तेव्हा सुरुवात म्हणजे पहिली तारीख असं धरलं आणि तेव्हापासून १ ऑगस्ट पक्का झाला. म्हणजे दिनविशेषात ‘१ ऑगस्ट १२९१’ असं ठसठशीत छापलेलं दिसतं, त्यातला ‘१’ हा आकडा नंतरच्या माणसांनी घातलेला आहे.

हा धागा धरून पुढे गेलं की दुसरा प्रश्न समोर येतो. दिवस ही निसर्गाने दिलेली गोष्ट आहे, पण तारीख माणसांनी ठरवायची असते. आणि त्यातली पहिली ठरवाठरवी असते दिवस सुरू कधी होतो याची.

लोकमान्यांचे प्राण गेले तेव्हा मध्यरात्र उलटून तासही झाला नव्हता. घड्याळाप्रमाणे तारीख बदलली होती, रविवार लागला होता. पण आपल्या जुन्या पद्धतीत दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयाला संपतो. त्या हिशेबाने ती रात्र शनिवारचीच. सरदारगृहाखाली बातमीची वाट बघत उभ्या असलेल्या जुन्या वळणाच्या माणसाने ‘शनिवारी रात्री गेले’ म्हटलं असतं, तर तो चुकला नसता. तासभर आधी काही झालं असतं, तर आपल्या शाळेत ३१ जुलैला एक तसबीर लागली असती आणि १ ऑगस्टला दुसरी.

अशीच गोष्ट शिवराज्याभिषेकाची. जेधे शकावली या सालवार नोंदींच्या जुन्या कागदात वार शुक्रवार आहे आणि रात्र संपायला तीन घटका उरल्या असताना महाराज सिंहासनावर बसले अशी नोंद आहे. एक घटका म्हणजे २४ मिनिटं, तेव्हा सूर्योदयाला साधारण सव्वा तास बाकी होता. इंग्रजी पद्धतीने मध्यरात्रीलाच शनिवार सुरू झालेला, तारीख ६ जून १६७४. एकच पहाट, पण आपल्या कागदात शुक्रवार आणि इंग्रजी हिशेबात शनिवार. दोन्ही बरोबर.

आता त्या ‘६ जून’कडे नीट बघायला हवं, कारण इथे दुसरी ठरवाठरवी येते.

युरोपात रोमन काळापासून ज्युलियन कॅलेंडर चालत होतं. त्यात वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचं धरलेलं, म्हणून दर चार वर्षांनी एक दिवस वाढवायचा. खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण १२८ वर्षांत त्यांचा एक अख्खा दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत चूक दहा दिवसांवर गेली होती. वसंत ऋतूत दिवस आणि रात्र सारखे होण्याचा क्षण २१ मार्चऐवजी ११ मार्चला यायला लागला. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये दुरुस्ती केली. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर. मधले दहा दिवस कॅलेंडरातून गाळले. वार मात्र तोडला नाही, गुरुवारनंतर शुक्रवारच आला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पोपचं ऐकणारे देश लगेच बदलले. स्पेन आणि पोर्तुगाल त्यात होते. इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत अडून बसलं. त्यामुळे सतराव्या शतकात आपल्याच किनाऱ्यावर दोन तारखा नांदत होत्या. गोव्याचे पोर्तुगीज नवी तारीख लिहायचे, सुरत आणि मुंबईचे इंग्रज जुनी. एकाच दिवशी लिहिलेल्या दोन पत्रांत दहा दिवसांचं अंतर. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक दोन्हीकडची कागदपत्रं जुळवायला बसतात तेव्हा आधी हे अंतर काढून टाकावं लागतं. नाहीतर एखादी स्वारी निघण्याआधीच पोहोचलेली दिसते.

मराठ्यांच्या इतिहासात आपण ज्या इंग्रजी तारखा वापरतो त्या बहुतेक याच जुन्या कॅलेंडरातल्या आहेत. राज्याभिषेकाची ६ जून ही तशीच. आजच्या कॅलेंडरात तो दिवस १६ जून पडतो. महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८० चं, ते आजच्या मोजणीने १३ एप्रिल. तिथी मात्र एकच, चैत्री पौर्णिमा.

आणि जन्मतारीख. शिवजयंतीचा वाद आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, पण तो नेमका कशावरून आहे हे फारसं कुणी सांगत नाही. पूर्वी वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ हा जन्मदिवस मानला जायचा. मग जेधे देशमुखांच्या घराण्यातली शकावली उजेडात आली. तिच्यात फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार अशी नोंद निघाली. ती छापून लोकांसमोर आणली टिळकांनीच. शकावरून इसवी सन काढायचा तर एरवी ७८ मिळवायचे, पण फाल्गुन येतो तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून ७९. शके १५५१ मध्ये ७९ मिळवले की १६३०. दिवस काढला तर येतो १९ फेब्रुवारी १६३०. शासनाने हीच तारीख स्वीकारली आहे.

आता मोबाइलमधलं आजचं कॅलेंडर मागे मागे नेऊन १९ फेब्रुवारी १६३० चा वार बघितला तर तो मंगळवार दिसतो. शकावली म्हणते शुक्रवार. मग शकावली चुकली का? नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या कॅलेंडरातली तारीख आहे. आजच्या कॅलेंडरात तो दिवस १ मार्च १६३०, आणि १ मार्चला चोख शुक्रवार येतो. चंद्राची गती मागे मोजत नेली तरी त्या दिवशी वद्य तृतीयाच लागते. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या कुणा कारकुनाने लिहिलेला वार, तिथी आणि आकाशातला चंद्र अशी तिन्ही एका जागी येतात. हा पडताळा मी पहिल्यांदा स्वतः करून पाहिला तेव्हा वही मिटवून कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

म्हणून वार हा इतिहासातला सगळ्यात भरवशाचा साक्षीदार. कॅलेंडरं बदलली, शक बदलले, राज्यं बदलली, सात वारांचं चक्र तुटलं नाही. जुन्या कागदात तारखेसोबत वार असेल तर तो आधी तपासावा.

मग शिवजयंती १ मार्चला करायची का? मला तसं वाटत नाही. लोकांनी मनाशी धरलेली तारीख हिशेबासाठी हलवू नये. पण पाठ्यपुस्तकात एक ओळ तरी असावी की ही जुन्या कॅलेंडरातली तारीख आहे. मुलांना ते समजतं. मोठ्यांनाच ते सांगायला अवघड वाटतं.

ही कॅलेंडरांची सरमिसळ जगभर झाली आहे. शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ ला गेले असं सांगतात. तारीख एकच धरली, तरी स्पेनचं कॅलेंडर नवं आणि इंग्लंडचं जुनं, त्यामुळे दोघांच्या जाण्यात दहा दिवसांहून कमी अंतर नव्हतं. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला हे वाक्यही असंच. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, पण इंग्लंडच्या जुन्या कॅलेंडरात. गॅलिलिओची तारीख ज्या नव्या कॅलेंडरात मोजली आहे त्यात न्यूटन ४ जानेवारी १६४३ ला जन्मला.

तिथीचं गणित आणखी वेगळं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची चाल कमी-जास्त होत असल्यामुळे तिथी कधी १९ तासांची असते, कधी २६ तासांची. म्हणून एखादी तिथी एकही सूर्योदय न पाहता निघून जाते, तो क्षय. एखादी दोन सूर्योदय पाहते, ती वृद्धी. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे दर वर्षी अकराएक दिवस मागे पडतं. ते भरून काढायला साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो. त्यामुळे तिथीने केलेला वाढदिवस इंग्रजी कॅलेंडरात मागे-पुढे झुलत राहतो. पण १९ वर्षांनी सूर्य आणि चंद्र जवळजवळ पुन्हा तिथेच येतात. आपल्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी एकत्र येतात का, ते पंचांगात बघा. फार तर दिवसाचा फरक निघेल.

या सगळ्या विषयात टिळकांनी आयुष्याचा मोठा वेळ घातला होता, हे १ ऑगस्टच्या भाषणांत कुणी बोलत नाही. वेदांचा काळ ठरवायला त्यांनी नक्षत्रांचा आधार घेतला. पंचांगातलं गणित आणि प्रत्यक्ष आकाश जुळलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातूनच टिळक पंचांग आलं. कोकणात, विशेषतः रत्नागिरीकडे, आजही काही घरं ते पाळतात. त्यात राशीचक्राचा आरंभबिंदू वेगळा धरलेला असल्यामुळे कधी कधी अधिक महिनाही वेगळा येतो, आणि मग शेजारच्या घरापेक्षा महिनाभर आधी गणपती बसतो.

दीक्षाभूमीवर मात्र दोन्ही मोजण्या सुखाने नांदतात. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा घेतली, तो विजयादशमीचा दिवस होता. आज नागपूरला मोठी गर्दी दसऱ्याला असते आणि १४ ऑक्टोबरही पाळला जातो. रायगडावरही तसंच, ६ जूनला एक सोहळा आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला दुसरा.

आता आपल्या घरातल्या तारखांकडे येऊ. ज्यांचा जन्म दवाखान्यात झाला नाही, अशा पिढीतल्या माणसांची आधार कार्डं पाहिलीत तर एक तारीख सारखी दिसेल, १ जून. गावोगावच्या शाळांत नाव घालायला पोराला घेऊन बाप यायचा. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बापाला तिथी आठवायची, नाहीतर तीही नाही. शाळा जूनमध्ये भरायची, वय तर पुरं झालेलं दिसायला हवं, म्हणून गुरुजी १ जून लिहून टाकायचे. त्या एका ओळीवर पुढे नोकरी लागली, त्याच ओळीवर निवृत्ती झाली.

माझ्या मावशीचीही जन्मतारीख १ जून १९६७ आहे. ती खोटी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, खरी कुणालाच माहीत नव्हती. आजीला विचारलं की ती एवढंच सांगायची, “भूकंपाच्या पहाटेला हिचं बारसं व्हायचं होतं. पाळणा बांधलेला तसाच राहिला. आम्ही पोरीला घेऊन अंगणात.”

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. वार सोमवार, पण सूर्योदय अजून व्हायचा होता, म्हणून आजी ‘रविवारची रात्र’ म्हणायची. ऐकणारे म्हणायचे, म्हातारीचा घोळ होतोय. घोळ नव्हता, ती तिच्या हिशेबाने बरोबर होती. बारसं बाराव्या दिवशी. तो उजाडणार होता सोमवारी. जन्माचा दिवस पहिला धरून मागे मोजलं की येतो गुरुवार, ३० नोव्हेंबर १९६७. मी आजीला विचारलं, “आजी, मावशी झाली तो वार कोणता गं?” तिने तांदूळ निवडता निवडता मान वर न करता सांगितलं, “बेस्तरवार. तुझ्या आजोबांचा दत्ताचा उपास होता.”

आता मावशीला दर ३० नोव्हेंबरला फोन जातो. १ जूनला बँकेकडून शुभेच्छांचा मेसेज येतो, तोही ती ठेवून देते.